इंधन टाकीच्या व्हेंटसाठी जाळीचे टोपण : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

अंगठ्याएवढी दोन टोपणे, त्यांना शिवलेल्या दोन लाल फिती आणि हे सारे ठेवायला एक कापडी पिशवी, एवढ्या ऐवजासाठी टपालखर्च धरून चौतीस डॉलर मोजले तेव्हा आपण फसलो असेच मला वाटले होते. आज सोळा महिन्यांनी मत बदलले आहे. ते का बदलले, ही टोपणे कोणाच्या उपयोगाची आहेत आणि कोणी ती घेऊ नयेत, हे नीट सांगायचे तर आधी विमानाच्या इंधन टाकीला हवा पोचवणाऱ्या ज्या नळीवर, म्हणजे व्हेंटवर, ती बसतात तिच्याविषयी बोलावे लागेल.

माझे विमान आरव्ही-९ए आहे. ओरेगन राज्यातील ऑरोरा येथील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचा संच आणून मी ते टेक्सासमधल्या घराच्या गॅरेजमध्ये जोडले. दोन आसने शेजारी शेजारी, पंख खाली, इंजिन १६० अश्वशक्तीचे लायकमिंग आणि दोन्ही पंखांत प्रत्येकी १८ गॅलनची, म्हणजे सुमारे ६८ लिटरची टाकी. घरी विमान बांधतात म्हटल्यावर आपल्याकडे अजूनही भुवया उंचावतात, म्हणून एवढेच आठवण करून देतो की कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले होते आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणीही झाली. अमेरिकेत ही वाट बरीच रुळलेली आहे. अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केले असेल, तर त्याला विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवानाही मिळू शकतो. माझ्याजवळ तो आहे, आणि म्हणूनच पुढे सांगितलेल्या चुकांचे खापर फोडायला दुसरा कोणी मेकॅनिक नाही.

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला ज्यांनी खिळ्याने भोक पाडले आहे, त्यांना व्हेंट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. एकच भोक असेल तर तेल गचके खात, अडत अडत बाहेर येते आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. विमानाच्या टाकीचे दुसरे भोक म्हणजे व्हेंट. इंजिनाने जेवढे इंधन ओढले तेवढीच हवा टाकीत शिरली पाहिजे, आणि उन्हात इंधन फुगले तर तेवढी हवा, प्रसंगी इंधनसुद्धा, बाहेर पडायला वाट मिळाली पाहिजे. माझ्या विमानात ही नळी टाकीच्या बाहेरच्या, सर्वांत उंच टोकापासून निघून आतल्या बाजूला येते, कॉकपिटच्या भिंतीलगत वर चढून वळसा घेते आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीच्या, मागे विमानाच्या पोटातून खाली डोकावते. डावीची वेगळी आणि उजवीची वेगळी. नळीचे तोंड पंचेचाळीस अंशांत तिरके कापून पुढच्या दिशेला केलेले असते, त्यामुळे उड्डाणात समोरच्या वाऱ्याचा थोडा दाब टाकीला मिळतो. १४० नॉट (ताशी सुमारे २६० किलोमीटर) वेगाला हा दाब फार तर अर्ध्या पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर एक पौंड) थोडा कमी भरतो, पण तो योग्य दिशेचा असतो, हे महत्त्वाचे. नळी पाव इंची, आतला पोकळ व्यास जेमतेम साडेचार मिलिमीटर. पेन्सिलही आत जाणार नाही, पण ज्यांना जायचे असते ते जातात.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात विमान तीन आठवडे हँगरमध्ये उभे होते. बाहेर काढण्यापूर्वी मी पोटाखाली वाकून दोन्ही व्हेंटांकडे पाहिले, दोन्ही जागच्या जागी दिसले, आणि खरे सांगायचे तर तेवढ्यावर माझे समाधानही झाले होते. डाव्या टाकीचे झाकण उघडताना मात्र आतून फुस्स असा आवाज आला. टाकीत दाब साठलेला होता. खाली गुडघे टेकून विजेरी धरली तेव्हा डाव्या नळीच्या तोंडात पाव इंचाचा सपाट, करडा, सुबक लिंपलेला मातीचा पडदा दिसला. रंग ॲल्युमिनियमशी इतका मिळताजुळता की उभ्याने वाकून पाहणाऱ्याला तो नळीचाच भाग वाटावा. तोंडाशी जाळीचा एक तुकडा मी बांधणीच्या वेळीच बसवला होता. त्या जाळीने माती आत जाऊ दिली नाही हे खरे, पण भिंत लिंपायला आधारही तिनेच दिला. माती तारेने आत ढकलण्याचा मोह टाळून मी कॉकपिटमधला नळीचा जोड सोडला आणि आतून बाहेर फुंकर मारून ती काढली. तळहातावर मातीचे चार तुकडे आणि लुळ्या पडलेल्या तीन बारक्या कोळ्यांचा ऐवज पडला.

त्या उन्हाळ्यात आई रत्नागिरीहून आली होती. हँगरमधल्या दिव्याच्या पट्टीवरचे मातीचे घरटे पाहून ती म्हणाली, "अरे, ही कुंभारीण! आपल्या देव्हाऱ्याच्या मागे करायची तीच." कुंभारीण म्हणजे मातीचे घर बांधणारी, गांधीलमाशीसारखी माशी. जात नेमकी तीच नसली तरी कूळ तेच आहे. टेक्सासमधली काळी-पिवळी कुंभारीण ओल्या मातीच्या गोळ्या आणून घर बांधते, त्यात डंख मारून लुळे केलेले कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. कीर्तनात ऐकलेल्या कीटकभृंगन्यायातली भृंगी म्हणून आपल्याकडे हिचेच नाव घेतात. मात्र माझ्या नळीतली कारागीर बहुधा हिच्या आणखी बारीक बहिणींपैकी असावी, ज्या स्वतः घर न बांधता आयती पोकळी शोधतात. साडेचार मिलिमीटरचे भोक म्हणजे त्यांच्यासाठी तयार सदनिका. वैमानिक मंडळी या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतात आणि सगळ्यांवर सारखाच राग काढतात.

व्हेंट बंद झाल्याचा धोका नेमका कुठे आहे, याविषयी बऱ्याच जणांची समजूत चुकीची असते. इंजिन सुरूच होणार नाही आणि म्हणून दोष जमिनीवरच कळेल, असे त्यांना वाटते. हिशेब करून पाहावा. क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवर स्थिर वेगाने उडताना, माझे इंजिन तासाला साधारण ३० लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर पिते. टाकी काठोकाठ भरलेली असून वर दोन लिटरच हवा असेल, तर एका मिनिटात तीच हवा अडीच लिटरमध्ये पसरते आणि टाकीतला दाब एक-पंचमांशाने, म्हणजे जवळजवळ तीन पीएसआयने उतरतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर वर ३४ लिटर हवा असते आणि तेवढाच दाब उतरायला सतरा मिनिटे लागतात. म्हणजे अर्ध्या टाकीवर निघालेला माणूस इंजिनाची चाचणी घेईल, उड्डाण करील, गावाबाहेर पडेल, निवांत होईल आणि मग इंजिन खोकू लागेल. त्यातही टाकीचा पत्रा इतका ताण मुळात सोसणारच नाही. तीन पीएसआय म्हणजे दर चौरस फुटावर जवळजवळ दोनशे किलोचे ओझे. त्याआधीच पंखाचा पत्रा आत बसेल आणि जोडातले सीलंट सुटेल. खाली पंख असलेल्या या विमानांत डावी किंवा उजवी, एका वेळी एकाच टाकीतून इंधन घेता येते, दोन्हीतून एकदम नाही. त्यामुळे इंजिन अडखळताच टाकी बदलणे आणि विजेचा पंप चालू करणे ही पहिली हालचाल, आणि दोन टाक्यांच्या नळ्या स्वतंत्र असणे हाच त्या क्षणीचा आधार. पण एक नळी जिला सापडली तिला शेजारची का सापडू नये?

१९९६ च्या ६ फेब्रुवारीला डॉमिनिकन प्रजासत्ताकातील प्वेर्तो प्लाताजवळ बिर्गेनएअर या विमान कंपनीचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली. कित्येक दिवस आवरणाविना उभ्या असलेल्या त्या विमानाची वेग मोजणारी पिटो नळी बंद झाली होती, आणि ती बहुधा अशाच माशीने बुजवली असावी असे तपासाअंती मानले गेले. ती नळी व्हेंटची नव्हती, हे मान्य. पण पिटो नळीवर आवरण घालायला सहसा कोणी विसरत नाही आणि व्हेंटकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पिटो बंद पडली तर निदान वेगाचा काटा काहीतरी वेडेवाकडे बोलतो. व्हेंटला स्वतःचा काटाच नसतो.

मे महिन्यातल्या प्रकारानंतर मी पहिली खरेदी घाईने केली. विमानाचे सुटे सामान विकणाऱ्या एका दुकानातून सिलिकॉनची निमुळती लाल बुचे मागवली. दिसायला सुरेख, नळीत दाबून बसवली की घट्ट. तो घट्टपणाच त्यांचा दोष निघाला. पहाटे जमिनीखालच्या टाकीतले गार इंधन भरून मी विमान हँगरमध्ये ठेवले, बुचे लावली आणि घरी आलो. दुपारी टेक्सासचे ऊन पत्र्याच्या छपरावर तापले. पेट्रोलजातीचे इंधन दर अंशाला हजारात एक भागाच्या आसपास फुगते. ६८ लिटरची भरलेली टाकी वीस अंशांनी तापली तर सव्वा लिटरहून अधिक इंधनाला नवी जागा हवी असते, आणि मी तर तिची नळी बुचाने बंद करून ठेवली होती. संध्याकाळी पाहतो तो उजव्या पंखावर झाकणाच्या कडेने निळसर इंधनाचा ओघळ आलेला. जोडाला काही झाले नाही, हे नशीब. शिवाय व्हेंटमधून झिरपलेल्या इंधनाने सिलिकॉन फुगते, हे त्या विक्रेत्याने कोठेही लिहिलेले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात डावे बूच इतके फुगून बसले की पक्कडीने ओढताना त्याचे शेपूट तुटले आणि पुढचा भाग नळीतच राहिला. माशीने जे केले तेच मी चौदा डॉलर खर्चून केले.

म्हणून ही दुसरी खरेदी, आणि म्हणूनच तिच्याबद्दल एवढे लिहावेसे वाटले. हे बूच नव्हे, टोपण आहे. ते नळीच्या आत शिरत नाही, बाहेरून चढते. काळ्या ॲल्युमिनियमची एक इंचाची नळकांडी, तिच्या आत वरच्या बाजूला नायट्राइल रबराचे एक कडे आणि तळाशी स्टेनलेस स्टीलची जाळी. नायट्राइल इंधनाने फारसे फुगत नाही. सोळा महिन्यांनंतरही कडे बोटाला तेवढेच लवचिक लागते. जाळीची घरे मी फुटपट्टीखाली भिंगाने मोजली, ती मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी, म्हणजे खिडकीच्या मच्छरजाळीएवढी आहेत. यापेक्षा बारीक जाळी घेऊ नये, कारण धुळीने ती लवकर बसते, आणि यापेक्षा मोठी घेतली तर लहान कोळी सुखाने आत जातो. जाळी सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर ठेवली आहे, हा या वस्तूतला मला सर्वांत आवडलेला बारकावा. सपाट जाळीवर माती लिंपायला बूड मिळते, फुगीर जाळीवर ती नीट बसत नाही. एकदाही बसली नाही असे मात्र नाही. अधूनमधून कडेला मातीचा अर्धवट टिळा आढळला, पण जाळी पूर्ण बुजलेली कधी दिसली नाही.

टाकी खरोखर श्वास घेते का, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडण्याची माझी तयारी राहिली नव्हती. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून मी भिंतीवर दाबमापक लावला (पाण्याचा २७ ते २८ इंच स्तंभ म्हणजे एक पीएसआय) आणि टोपण चढवलेल्या टाकीत दुसऱ्या बाजूने तोंडाने हळूहळू फुंकले. पाण्याची पातळी अर्धा इंचही चढली नाही. हेच काम कोणी कृपया कॉम्प्रेसरने करू नये. या टाक्यांची गळती तपासताना व्हेंटच्या जोडावर साधा रबरी फुगा लावतात, तो अशासाठी की जास्त दाब झाला तर फुगा फुटावा, टाकी नव्हे. मग टोपणे तशीच ठेवून जमिनीवर वीस मिनिटे इंजिन चालवले. इंधनदाबाचा आकडा जागचा हलला नाही. याचे गणितही सोपे आहे. मिनिटाला अर्धा लिटर हवा साडेचार मिलिमीटरच्या नळीतून जायला सेकंदाला अर्ध्या मीटरचा वेग पुरतो, म्हणजे जाळी निम्मी बुजली तरी टाकीला त्याची दखल घ्यावी लागत नाही. टोपण घालून उड्डाण मात्र मी केलेले नाही आणि करणारही नाही. तिरक्या तोंडाला मिळणारा समोरचा दाब टोपणाने नाहीसा होतो आणि हवेत त्याच्या मागे नेमके काय होते ते मोजण्याची हौस मला नाही.

टोपण विसरले जाण्याची शक्यता हा या वस्तूचा सर्वांत अवघड प्रश्न, आणि तो उत्पादकाने अर्धाच सोडवला आहे. व्हेंट पोटाखाली. 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' असे लिहिलेली लाल फीत खाली लोंबते खरी, पण कॉकपिटमध्ये बसल्यावर ती दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबरमध्ये एकदा मी पट्टे बांधून बसलो असताना शेजारच्या हँगरमधले वयस्कर गृहस्थ हात हलवत समोर आले आणि त्यांनी काही न बोलता जमिनीकडे बोट दाखवले. उजव्या व्हेंटचे टोपण जागेवरच होते. आंधळे बूच असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत करत होतो. त्यानंतर मी दोन्ही टोपणांना दीड-दीड मीटरची दोरी बांधली आणि तिची टोके इंजिनाच्या पुढच्या हवाद्वारांत बसणाऱ्या मोठ्या लाल बोळ्यांना अडकवली. ते बोळे डोळ्यांसमोर असतात, ते ओढले की पाठोपाठ टोपणे ओढली जातात. अशी दोरी आणि टोपणाला एक कडी चौतीस डॉलरांत द्यायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेले नाही. टोपणाला भोकही मलाच पाडावे लागले.

तक्रारी आणखीही आहेत. फितीची शिवण चार महिन्यांत उन्हाने विटली आणि सुटली. तारांचे जुडगे बांधायच्या मेणाच्या दोऱ्याने मी ती पुन्हा शिवली, ती अजून टिकून आहे. तिरक्या कापामुळे रबराचे कडे कापाच्या वर गेले पाहिजे, तरच पकड बसते. माझी नळी पोटाबाहेर इंचभर येते म्हणून जमले. घरी विमान बांधणाऱ्या ओळखीच्या एका बांधकऱ्याने आपली नळी अर्ध्या इंचावर कापलेली होती, त्याच्याकडे हेच टोपण पहिल्या वाऱ्याला गळून पडले. मागवण्यापूर्वी नळी पट्टीने मोजावी. पाव इंची आणि तीन-अष्टमांश इंची अशी दोनच मापे मिळतात आणि बदली करून घ्यायचा टपालखर्च आपल्यालाच सोसावा लागतो.

वर पंख असलेल्या विमानांच्या मालकांनी याच्या नादी लागू नये. सेसना १७२ चा व्हेंट डाव्या पंखाखाली खांबाच्या मागे असतो, त्यात एकमार्गी झडप असते, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. किटफॉक्ससारख्या संचविमानांत व्हेंटची नळी टाकीच्या झाकणातूनच वर येते. तिथे माशीइतकेच लक्ष झाकण कोणत्या दिशेला बसले आहे याकडे द्यावे लागते, कारण नळीचे तोंड मागे झाले की वाऱ्याचा दाब मिळण्याऐवजी ओढ लागते. त्यांच्यासाठी हे टोपण मापातही बसणार नाही. काही बांधकरी नळीच्या मागच्या अंगाला एक बारीक जादा भोक पाडून ठेवतात, म्हणजे पुढचे तोंड माशीने किंवा बर्फाने बुजले तरी टाकी त्या भोकातून श्वास घेते. मीही या हिवाळ्यात ते पाडले. टोपण नळीवर चढले की हे भोकही त्याच्या आत झाकले जाते, त्यामुळे कुंभारणीच्या बारक्या बहिणींना तेही मोकळे सापडत नाही. भोकाला लागणारा खर्च एका ड्रिलबिटाचा, आणि टोपण घ्यावे की भोक पाडावे असा प्रश्न कोणी विचारला तर मी आधी भोक पाडायला सांगेन.

टोपण आले म्हणून फुंकर मारायची सवय मी सोडलेली नाही. पारदर्शक नळीचा हातभर तुकडा पिशवीतच असतो. टाकीचे झाकण उघडायचे, व्हेंटला नळी लावायची, फुंकायचे, आणि शेजारी कोणी असेल तर त्याला टाकीच्या तोंडाशी कान लावायला सांगायचे. मुलगी हे काम हौसेने करते, तिला इंधनाचा बुडबुडा ऐकू आला की बोट वर करते.

पाचपैकी चार तारे मी दिले असते, शिवण आणि कडी यांच्यासाठी अर्धा तारा कापून साडेतीन देतो. उत्पादकाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. घेताना नावापेक्षा जाळी फुगीर आहे ना, कडे नायट्राइलचे आहे ना आणि टोपण बाहेरून चढते ना, एवढे पाहावे. दुसरा उन्हाळा आता संपत आला आहे. दर पंधरवड्याला टोपणांवर कडेला थोडी ओली माती सापडते, ती मी नखाने खरवडून काढतो, आणि दिव्याच्या पट्टीवरचे मोठे घरटे मात्र आईने सांगितल्यामुळे अजून तसेच ठेवले आहे.